बटाटा, थंड रात्री आणि मुंबईतली गच्ची

हिरवीगच्ची (मुलुंड)

मंडळी, पावसाळा आला की बागेच्या धाग्यांवर एक प्रश्न हमखास येतो : टोपलीतल्या बटाट्यांना कोंब आलेत, कुंडीत लावू का? लावा म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी मात्र जूनमध्ये मुंबईत बटाटा लावू नका असंच सांगते. त्यामागचं कारण दोन ओळींच्या प्रतिसादात मावत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

बटाट्याला थंड रात्री लागतात. दिवसा पान उन्हात साखर तयार करतं. ती साखर मातीत उतरून कंदात स्टार्च होऊन साठायची की नुसत्या पाल्यातच खर्च व्हायची, हे बऱ्याच अंशी रात्रीच्या तापमानावर ठरतं. रात्र 15 ते 20 अंशांच्या दरम्यान असेल तर कंद छान धरतात. 20 च्या वर गेली की धरणं मंदावतं, आणि सरासरी तापमान 30 च्या घरात पोचलं की जवळजवळ थांबतंच. झाड मरत नाही, उलट हिरवंगार, लांबच लांब वाढतं. खाली उकरलं की मुळं सापडतात आणि हरभऱ्याएवढे दोन गोळे.

हे त्याच्या रक्तातलंच आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण 3,800 मीटर उंचीवर. त्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी माणसाने बटाटा शेतीत आणला. तिथे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री कडाका. तिथले लोक कडू जातीचे बटाटे रात्री उघड्यावर पसरून गोठवतात, दिवसा पायाने तुडवून पाणी काढतात आणि वाळवतात. त्याला चुन्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. पेरूची राजधानी लिमा इथे 1971 पासून आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे आणि त्यांच्या संग्रहात हजारो देशी वाण जपलेले आहेत.

असं डोंगरातलं पीक आपल्या सपाट, तापलेल्या देशात कसं रुळलं? तर आपण ऋतू बदलला. युरोपात बटाटा उन्हाळ्यात होतो, कारण तिथला उन्हाळा आपल्या महाबळेश्वरच्या हिवाळ्यासारखा. उत्तर प्रदेश, बंगाल, बिहार, पंजाबात तो हिवाळ्यात होतो. हिमाचलमधल्या लाहौलसारख्या उंच खोऱ्यात बर्फ वितळल्यावर उन्हाळ्यात घेतात. निलगिरीत तर वर्षातून तीन हंगाम. आज चीनच्या खालोखाल जगात सर्वात जास्त बटाटा भारतात पिकतो, आणि त्यामागे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं मोठं काम आहे. ती 1949 साली पाटण्यात सुरू झाली, 1956 मध्ये सिमल्याला गेली. तिच्या वाणांच्या नावात 'कुफरी' असतं ते सिमल्याजवळच्या कुफरी गावामुळे. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज, वेफरसाठी कुफरी चिप्सोना. आपल्या दख्खनच्या पठारासाठी कुफरी लवकर. आणि उष्णता जास्त सोसणारा कुफरी सूर्या, जो मुंबईकरांनी खास लक्षात ठेवावा.

आता आपलं शहर. सांताक्रूझला जानेवारीत किमान तापमानाची सरासरी 17 च्या आसपास असते. कुलाब्याला समुद्रामुळे दोन-अडीच अंश जास्तच. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जेमतेम दोन-सव्वादोन महिने आपल्याला बटाट्याच्या रात्री मिळतात. कंद याच काळात धरले आणि भरले पाहिजेत. म्हणून लावणी नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मुलुंड, ठाणे, बोरिवली, पनवेलकडच्यांना संधी बरी, दक्षिण मुंबईत अवघड. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

खाण्याच्या बाजूनेही बोलायचंय, कारण बटाट्याइतकी बदनामी दुसऱ्या कुठल्या भाजीच्या वाट्याला आलेली नाही आणि मला ती मनापासून चुकीची वाटते. पण त्यातलं जाणकारांनी लिहावं.

दादरचा_दिनू

उपयुक्त धागा! प्रश्न : आमच्या बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन येतं. जमेल?

हिरवीगच्ची (मुलुंड)

तीन तासांत पाला येईल, कंद भरणार नाहीत. निदान पाच-सहा तास ऊन हवं. सोसायटीची गच्ची मिळत असेल तर बघा. तेवढ्या उन्हात तुमच्याकडे माठ, आळू, पुदिना छान होईल.

सातगावकर

ताई, चांगलं लिहिलंय. मी सध्या घणसोलीला राहतो, पण घर पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी हा सगळा बटाट्याचा पट्टा. मुंबईकरांना वाटतं बटाटा फक्त आग्र्याहून नाहीतर इंदूरहून येतो, म्हणून थोडं आमच्याकडचं सांगतो.

आमच्याकडे बटाटा पावसाळ्यात होतो. तुम्ही मुंबईत जूनमध्ये लावू नका म्हणता ते बरोबर, आणि आम्ही त्याच जूनमध्ये लावतो तेही बरोबर! पठार उंचावर. आभाळ सतत भरलेलं, वारं गार, जमीन निचऱ्याची. पाऊस पडतो पण पाणी थांबत नाही. मुंबईत जुलैत रात्रीसुद्धा पारा 25 च्या आसपास असतो आणि कुंडीत चिखल, मग बटाटा सडणारच.

बेणं, म्हणजे लावायचा बटाटा, पंजाबातून, जालंधरकडून येतं, मंचरच्या बाजारात उतरतं. दरवर्षी विकत का घेता, घरचंच का ठेवत नाही, असं लोक विचारतात. कारण मावा. मावा किडा पानातला रस शोषतो आणि एका झाडाचे विषाणू दुसऱ्याला देतो. ते बेण्यात उतरले की दरवर्षी उत्पन्न घटत जातं. पूर्वी रोगमुक्त बेण्यासाठी हिमाचलच्या डोंगरावरच अवलंबून राहावं लागायचं. पुढे पुष्करनाथ या शास्त्रज्ञांनी पद्धत बसवली : उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा कमी असतो, तेवढ्यातच बेणं वाढवायचं आणि जानेवारीत मावा वाढायच्या आधी पाला कापून टाकायचा. त्यामुळे पंजाबातल्या सपाट जमिनीत बेणं तयार व्हायला लागलं.

शीतगृहातून आलेलं पोतं लगेच लावत नाहीत. सावलीत आठ-दहा दिवस पसरतात, मग डोळे फुटतात. मोठा बटाटा असेल तर कापतात, प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे यायला हवेत. आमची आजी कापायला बसायची तेव्हा विळा मधून मधून औषधाच्या पाण्यात बुडवायची. एक सडका बटाटा कापला आणि तसाच विळा पुढे चालवला तर सगळ्या फोडींना रोग लागतो. कापलेल्या फोडी परत सावलीत सुकवायच्या, कापलेल्या जागी खरखरीत साल धरली की मग सरीत.

पाऊस नेमका वेळेवर पाहिजे. लावल्यावर वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, मिळाला नाही, झड लागली, तर बेणं जमिनीतच कुजतं. एकरी सहा-आठ क्विंटल बेणं, खतं, मजुरी, सगळा पैसा आधीच गेलेला असतो. मागे एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या बेण्यातलं बरंचसं आतून काळं निघालं. पावती नव्हती, भांडायचं कोणाशी? तेव्हापासून वडील प्रत्येक पोत्यातले चार बटाटे कापून बघतात, मगच गाडी भरतात.

गिरगावची_मावशी

सातगावकर, तुमच्या आजींचं वाचून बरं वाटलं.

वेफर आणि किसासाठी आमच्याकडे भाजीवाल्याला 'तळेगाव आहे का' असंच विचारायची पद्धत. नवा, घट्ट, कमी गोड बटाटा हवा असतो. माझा एक प्रश्न आहे : काही वर्षी वेफर तळताना दोन क्षणांत लालकाळे होतात आणि चवीला गोडसर लागतात. तेल तेच, कढई तीच. असं का?

हिरवीगच्ची (मुलुंड)

मावशी, तो बटाटा शीतगृहात फार थंडीत राहिलेला. बेण्याचा आणि भाजीचा बटाटा 2 ते 4 अंशांवर साठवतात, म्हणजे कोंब येत नाहीत. पण इतक्या थंडीत बटाटा आपला स्टार्च मोडून साखर करतो. ती साखर गरम तेलात लगेच करपते. म्हणून वेफरच्या कारखान्यांसाठीचा बटाटा 10-12 अंशांवर ठेवतात आणि त्यांच्यासाठी चिप्सोनासारखे कमी साखरेचे वाण वेगळे काढले आहेत. गुजरातमधल्या डीसाला बनास नदीच्या रेताड जमिनीत असा बटाटा मोठ्या प्रमाणात होतो.

घरी उपाय सोपा आहे. आणलेले बटाटे दोन-तीन आठवडे अंधारात, हवेशीर जागी, घरच्या तापमानाला राहू द्या. बरीचशी साखर कमी होते. शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवा माल थेट शेतातून येतो तेव्हाच किसाचं काम उरका. तेव्हा ऊनही कडक असतं.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, उपनगरातल्या एका रुग्णालयात काम करते. हिरवीगच्चीताईंनी बोलावलंय म्हणून लिहिते.

माझ्यासमोर बसणाऱ्यांतले निम्मे लोक पहिलं वाक्य हेच म्हणतात : 'मॅडम, बटाटा बंद केलाय.' मग विचारते की पाव, बिस्किटं, फरसाण? ते चालू असतं.

100 ग्रॅम साध्या बटाट्यात साधारण 77 कॅलरी, 17 ग्रॅम कर्बोदकं, 2 ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी जवळजवळ शून्य. पोटॅशियम 420 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच केळ्यापेक्षा जास्त. क जीवनसत्त्व 20 मिलिग्रॅमच्या जवळ. उकडल्यावर ते कमी होतं, पण सालासकट उकडलं तर कमी नुकसान होतं. युरोपात बटाटा रोजच्या जेवणात आल्यावर गरिबांना हिवाळ्यात क जीवनसत्त्वाचा तो मोठा आधार झाला, स्कर्व्हीपासून बचाव झाला.

पोट भरण्याच्या बाबतीत तर बटाटा फारच उजवा. 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात एक अभ्यास झाला होता. सारख्याच कॅलरीचे वेगवेगळे पदार्थ लोकांना खायला देऊन, पोट किती भरल्यासारखं वाटतं ते दोन तास नोंदवलं. पांढऱ्या पावाला 100 धरलं तर उकडलेल्या बटाट्याला 323 मिळाले, सगळ्या पदार्थांत पहिला नंबर. वजन कमी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक मध्यम उकडलेला बटाटा, वर मीठ-मिरपूड, सोबत वाटीभर दही आणि काकडी, हे संध्याकाळचं खाणं मी आनंदाने लिहून देते.

मधुमेह असलेल्यांसाठी खरी माहिती अशी. गरम, मऊ, कुस्करलेला बटाटा रक्तातली साखर लवकर वाढवतो, हे नाकारायचं नाही. पण उकडून थंड केला की त्यातला काही स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं अन्न होतो. पुन्हा हलका गरम केला तरी त्यातला काही भाग तसाच राहतो. त्यामुळे आदल्या रात्री उकडलेला, फ्रीजमध्ये ठेवलेला बटाटा सकाळी मोड आलेल्या मटकीत घातला तर साखर त्या मानाने सावकाश चढते. प्रमाण मात्र पाहायचं. बटाटा खाल्ला तर त्या जेवणातली एक पोळी किंवा भात कमी. बटाट्याला भाजी न समजता धान्याच्या जागी मोजा, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतात. आपल्याकडे बटाट्याची भाजी, पोळी आणि वर वरणभात असं तिन्ही एका ताटात येतं, घोटाळा तिथे आहे.

उपासाचं वेगळं लिहिते, कारण त्या दिवशी माझ्या रुग्णांची साखर सर्वात जास्त बिघडते. साबुदाणा खिचडी, त्यात बटाटा, सोबत बटाट्याचा चिवडा आणि दुपारी रताळ्याचा गोड कीस. त्याऐवजी उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, दही आणि काकडीची कोशिंबीर घ्या. उपास मोडत नाही.

दादरचा_दिनू

आणि वडापाव?

पथ्यपाणी

वड्यातली भाजी त्यातली सर्वात निरुपद्रवी गोष्ट आहे. बेसनाचं आवरण तेल पितं, पाव मैद्याचा, आणि दिवसभर उकळणारं तेल. आठवड्यातून एकदा, ताज्या तेलातला, मनापासून खावा. मीही खाते.

तळण्याबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. स्टार्चचा पदार्थ 120 अंशांच्या वर तळला, भाजला की अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये हे समोर आणलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. म्हणून काचऱ्या सोनेरी झाल्या की उतरवा, तपकिरी होऊ देऊ नका. उकडण्यात ते तयार होत नाही.

ठाणेकर_लेक

पथ्यपाणी ताई, बाबांना किडनीचा त्रास आहे, डॉक्टरांनी पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलंय. घरात आई बटाट्याशिवाय राहत नाही आणि बाबांना रस्सा भाजी फार प्रिय. पूर्ण बंद करायचा का?

पथ्यपाणी

मर्यादा त्यांच्या तपासण्या पाहून डॉक्टरच ठरवतील, त्यांना विचारल्याशिवाय काही बदलू नका. थोडा बटाटा चालेल म्हणाले तर आईंना असं करायला सांगा : साल काढून बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. त्यात पोटॅशियम निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त, निघून जातं. नुसतं पाण्यात भिजवून ठेवल्याने फारसं जात नाही, उकडणं आवश्यक. कुकरमध्ये सालासकट शिजवलेला आणि रश्श्यात तेच पाणी, हे बाबांसाठी नको. बाकी सगळ्यांसाठी मात्र सालासकटच उत्तम.

ठाणेकर_लेक

खूप आभार. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारते, मग आईला दाखवते.

गिरगावची_मावशी

हिरवट बटाट्याचं सांगा कोणीतरी. आमच्याकडे हिरवा भाग कापून उरलेला वापरतात.

हिरवीगच्ची (मुलुंड)

थोडासा डाग असेल तर खोल कापून टाकला की चालतो. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर फेकून द्या. उजेडात बटाटा हिरवा होतो, तो हिरवा रंग स्वतः विषारी नाही, पण त्याबरोबर सोलॅनिन हे विष वाढलेलं असतं. ते उकडून, तळून जात नाही. कोंबांतही ते असतं, म्हणून कोंब मुळापासून खणून काढायचे. ओट्यावर खिडकीशी जाळीच्या टोपलीत बटाटे ठेवायची आपली सवय म्हणूनच वाईट. खालच्या कप्प्यात, कागदी पिशवीत ठेवा. कांद्याशेजारी नको, दोन्ही लवकर खराब होतात.

बेहाला_ते_बोरिवली

माझं लहानपण वडिलांच्या नोकरीमुळे कोलकात्यात गेलं. बंगालमध्ये भात काढला की त्याच जमिनीत बटाटा. सगळं सुरळीत चाललेलं असतं आणि जानेवारीत चार दिवस दाट धुकं पडतं. पानांवर पाण्यात भिजल्यासारखे डाग, मग आठवड्याभरात शेत काळं. आयर्लंडच्या दुष्काळात हेच झालं होतं ना?

हिरवीगच्ची (मुलुंड)

हो, तोच रोग. आपल्याकडे त्याला उशिरा येणारा करपा म्हणतात. 10 ते 20 अंश तापमान आणि सतत ओलसर हवा मिळाली की झपाट्याने पसरतो. आयर्लंडमध्ये तो 1845 मध्ये आला. गरीब माणूस जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होता आणि शेतांत बहुतेक एकच जात लावलेली होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे 10 लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली, तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात तिथून धान्य आणि जनावरं परदेशी पाठवली जात होती, म्हणून सगळं खापर रोगावर फोडणं मला पटत नाही. पण एकाच जातीवर सगळा भार टाकू नये, एवढं त्यातून दिसतंच. अँडीजमधला शेतकरी एका तुकड्यात अनेक वाण मिसळून लावतो. करपा आला, हिमकण पडले, तरी काहीतरी हाती लागतं.

मुंबईत हिवाळ्यात दिवस कोरडे आणि तापलेले, त्यामुळे गच्चीवर करप्यापेक्षा मावा आणि लाल कोळी ही बारीक कीड जास्त त्रास देतात. पानाची मागची बाजू दर दोन दिवसांनी बघा. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर निंबोळी तेल.

दादरचा_दिनू

सोसायटीची गच्ची मिळतेय! आता लावायची पद्धत सविस्तर सांगा.

हिरवीगच्ची (मुलुंड)

वा! आधी समितीकडून लेखी परवानगी घ्या आणि बटाटा लावायच्या पिशव्या थेट लादीवर ठेवू नका. खाली विटा ठेवल्या की गळतीची तक्रार येत नाही आणि तापलेल्या स्लॅबची उष्णता पिशवीत चढत नाही. काळ्या पिशव्या टाळा, मुळं भाजून निघतात. 15 इंचांची पांढरी पिशवी घ्या.

माती हलकी हवी : बागेची माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं खत साधारण सारखं. ताजं शेणखत नको, सालीवर खवले येतात. पिशवी अर्धी भरा, मध्ये एकच बेणं, 30 ते 50 ग्रॅमचं अख्खं, डोळा वर करून, वर चार बोटं माती. झाड वीतभर झालं की पुन्हा माती घाला, पंधरा दिवसांनी परत. ही भर चुकवू नका. कंद मातीच्या वर डोकावला की हिरवा होतो. पिशव्यांवर पिशव्या रचून उंच मनोरा करायचे व्हिडिओ फिरतात, पण लवकर येणाऱ्या जातींत कंद खालच्याच भागात धरतात, वरची माती वाया जाते.

वर वाळक्या पानांचा जाड थर द्या. माझ्या गच्चीवर मला याचाच फायदा सर्वात जास्त दिसला. थराखाली बोट घातलं तर दुपारीही माती गार लागते, बाजूच्या उघड्या पिशवीत चटका बसतो. पाणी सकाळी, थोडं थोडं. एकदा कोरडं आणि एकदा तुडुंब केलं तर बटाटे तडकतात.

फुलांची वाट बघू नका. आपल्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत पुष्कळदा फुलं येतच नाहीत. साधारण 75-80 दिवसांनी पाला पिवळा पडायला लागतो, तेव्हा तो बुंध्याशी कापा, पाणी बंद करा आणि दहा-बारा दिवस कंद मातीतच ठेवा. मग एक काढून अंगठ्याने घासा. साल सोलून निघाली तर अजून थांबा, घट्ट बसली असेल तर पिशवी उलटी करा.

एका पिशवीतून अर्धा-पाऊण किलो मिळाला तर मुंबईच्या मानाने उत्तम. बाजारभावाशी तुलना केलीत तर परवडत नाही, हे आत्ताच सांगते. मात्र नुकत्या काढलेल्या बटाट्याची साल इतकी पातळ असते की सोलायची गरज नसते. तो तसाच उकडून, जिऱ्याची फोडणी देऊन, मुलांना खायला घाला.

दादरचा_दिनू

बेणं कुठून आणू? भाजीवाल्याकडचा चालेल का?

सातगावकर

भाजीवाल्याचा शक्यतो नको. कोंब येऊ नये म्हणून कधी त्याला औषध मारलेलं असतं, आणि रोग असला तर कळत नाही. रब्बीसाठी मंचरला ऑक्टोबरात बेणं उतरतं, पण ते पोत्याने. तुम्हाला दोन-चार किलो पाहिजे. दिवाळीला गावी जाणार आहे तेव्हा पुखराज घेऊन येतो, आमच्या रब्बीच्या लावणीतलाच. सूर्या मिळाला तर तोही बघतो. भाऊ वाशी मार्केटला माथाडी आहे, त्याच्याकडे ठेवीन. कोणाकोणाला पाहिजे ते इथेच लिहा, किती किलो तेही लिहा.

ठाणेकर_लेक

मला एक किलो.

बेहाला_ते_बोरिवली

दोन किलो. जमलं तर दोन्ही जाती.

गिरगावची_मावशी

आमच्याकडे चाळीच्या गच्चीवर ऊन भरपूर आहे, पण समुद्र जवळ. तरी एक किलो सांगून ठेवते. सूर्याच द्या, सातगावकर.